चळवळीची पत्रकं आणि आपली पत्र्याची पेटी



दसरा-दिवाळीच्या तोंडावर आपण घर काढतो. माळ्यावरची पेटी खाली येते, भिंती पुसल्या जातात, आणि दारात रद्दीवाला येऊन उभा राहतो. मुलांच्या जुन्या वह्या, वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका सगळं त्याच्या तराजूत जातं. त्या ढिगात कधी एखादं पिवळं पडलेलं पत्रक असतं. कोणत्या तरी मोर्चाचं, कोणत्या तरी परिषदेचं. भीमगीतांची चार आण्यांची पुस्तिका असते, जयंतीच्या वर्गणीची पावती असते, बिडी कामगारांच्या सभेचं हँडबिल असतं. वजनात ते काहीच भरत नाही. पण असं पत्रक गेलं की त्याच्यासोबत काय जातं, यावर आज आपण बोलणार आहोत.

आपण वाचतो तो इतिहास जाड पुस्तकांत असतो. त्यात राजे असतात, लढाया असतात, मोठ्या पुढाऱ्यांची भाषणं असतात. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, शाळा नव्हती, ज्यांना पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते, त्यांनी आपलं म्हणणं कुठे लिहिलं? त्यांनी ते पत्रकावर लिहिलं. एका पानाचं पत्रक स्वस्तात छापून होतं, हातोहात गावोगाव जातं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला दुसरा वाचून दाखवतो. म्हणून पिचलेल्या माणसांच्या चळवळींचा खरा दस्तऐवज म्हणजे पत्रकं, पुस्तिका, पोस्टर, पावत्या आणि छातीवर लावायचे बिल्ले. हे जगभर असंच झालं आहे.

याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि त्याचं आपल्या महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. अमेरिकेत आफ्रिकेतून पकडून नेलेल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या गुलाम म्हणून राबवलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक छापलं, तेव्हा ते त्यांनी अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केलं, ज्यांनी कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला सातासमुद्रापलीकडच्या माणसांचं दुःख आपलं वाटलं.

पुढे बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. ते विद्यापीठ हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागूनच आहे. मग १९४६ सालची एक गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या एका संघटनेने आपल्यावरच्या अन्यायाचं निवेदन संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलं, अशी बातमी बाबासाहेबांनी वाचली. त्यांनी तिकडचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहिलं. आपल्या अस्पृश्यांचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न यांत किती साम्य आहे, असं त्यात म्हटलं आणि त्या छापील निवेदनाच्या दोन-तीन प्रती पाठवाल का, अशी विनंती केली. ड्युबॉईस यांनी जुलै १९४६ मध्ये उत्तरही दिलं. ही दोन्ही पत्रं आज आपल्याला वाचता येतात, कारण ड्युबॉईस यांचे कागद अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने नीट जपून ठेवले. इतक्या मोठ्या विद्वानाला दुसऱ्या चळवळीचं एक छापील निवेदन हवं होतं. पत्रकाची किंमत त्यांना पक्की ठाऊक होती.

आता १९६६ सालाकडे येऊ. अमेरिकेतल्या ओकलंड शहरात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी ‘ब्लॅक पँथर’ ही संघटना काढली. पोलिसांच्या मारहाणीविरुद्ध ते उभे राहिले. त्यांनी दहा मागण्यांचा जाहीरनामा छापला. त्यात काम, घर, शिक्षण, न्याय अशा साध्या गोष्टी होत्या. १९६७ पासून त्यांनी स्वतःचं वर्तमानपत्र सुरू केलं. कार्यकर्ते ते रस्त्यावर उभं राहून पंचवीस सेंटला विकत. एमरी डग्लस नावाचा चित्रकार त्याची चित्रं काढायचा. त्या चित्रांत हातात झाडू घेतलेल्या, कडेवर लेकरू घेतलेल्या गरीब बायका असत. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनाही चित्र पाहून कळत होतं की हे आपल्याबद्दल आहे. याच संघटनेने १९६९ पासून शाळेत जाणाऱ्या मुलांना सकाळचा नाश्ता फुकट द्यायला सुरुवात केली. आपल्यातल्या ज्या बहिणी शाळेत पोषण आहार शिजवतात, त्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. उपाशी पोरगं धडा कसं शिकणार?

त्या वर्तमानपत्राचे अंक, ती पोस्टर, ते बिल्ले आज ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत जपून ठेवले आहेत. बाजारातही त्यांना मोठी किंमत येते. ज्या कागदांसाठी एकेकाळी पोलीस घरात घुसत होते, ते कागद आज काचेच्या पेटीत आहेत.

त्या पँथरची डरकाळी आपल्याकडे ऐकू आली १९७२ मध्ये. ते दुष्काळाचं वर्ष होतं. मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्याच्या कारणावरून दोन बौद्ध स्त्रियांना विवस्त्र करून मारहाण झाली. पुणे जिल्ह्यातल्या बावडा गावात दलितांवर बहिष्कार टाकला होता. मुंबईतले दलित तरुण लेखक पेटून उठले. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या साथीदारांनी ‘दलित पँथर’ उभी केली. नाव त्यांनी अमेरिकेतल्या पँथरवरून घेतलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिकात राजा ढाले यांचा लेख आला आणि महाराष्ट्रभर वादळ उठलं. बाईच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला किरकोळ दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला त्याहून मोठी शिक्षा, हे कसं, असा त्या लेखातला सवाल होता.

ही सगळी पोरं कागदावर जगणारी होती. छापखान्याला द्यायला पैसे नसले की सायक्लोस्टाईल करायची. म्हणजे मेणकागदावर टाइप करायचं, शाईचा रूळ फिरवायचा आणि एकेक पान काढायचं. अशी लहान लहान नियतकालिकं निघाली. राजा ढाले यांचं ‘विद्रोह’ त्यातलंच. १९७३ साली पँथरचा जाहीरनामा निघाला. त्यात दलित कोण, हे सांगितलं आहे: अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी आणि स्त्रिया. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर आपण सगळ्या आहोत. बौद्ध बाई आहे, गोंड बाई आहे, दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाणारी कोणत्याही जातीची बाई आहे.

१९७४ च्या जानेवारीत मुंबईत वरळीला दंगल झाली. त्यानंतर निघालेल्या मोर्चावर वरून दगड टाकला गेला आणि भागवत जाधव हा कार्यकर्ता त्यात मारला गेला. त्याच वर्षी पँथरमध्ये फूट पडली, आणि १९७७ मध्ये ढाले-पवारांनी आपल्या बाजूने संघटना बरखास्त केली. पाच वर्षांचा खेळ. पण ज. वि. पवार यांनी पत्रव्यवहार आणि कागद सांभाळून ठेवले होते, म्हणून पुढे त्यांना या चळवळीचा इतिहास लिहिता आला. कागद नसते तर उरल्या असत्या फक्त आठवणी, आणि त्यासुद्धा एकमेकांशी भांडणाऱ्या.

आता एक कडू गोष्टही बोलू. ही पत्रकं वाचली की खाली सह्या दिसतात पुरुषांच्या. निमंत्रक पुरुष, वक्ते पुरुष, अध्यक्ष पुरुष. मोर्चात बायका नव्हत्या का? होत्या. रात्री-अपरात्री आलेल्या कार्यकर्त्यांना भाकरी कोणी करून घातली? तुरुंगात गेलेल्याचं घर कोणी चालवलं? मलिका अमर शेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मकथनात चळवळीतल्या पुढाऱ्याच्या घरात बाईचं काय होतं, ते आडपडदा न ठेवता सांगितलं. पत्रकावर ते कधीच छापून येणार नव्हतं. म्हणून पत्रक जपायचं, आणि त्यावर जे छापलेलं नाही तेही त्याच्यासोबत लिहून ठेवायचं. दोन्ही मिळून इतिहास पुरा होतो.

हे काम दोघी जणींनी करून दाखवलं आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा शोध घेतला. म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या शोधल्या, त्यांच्या घरी जाऊन बोलत्या केल्या, जुनी वर्तमानपत्रं चाळली. त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. त्यात चाळीसहून अधिक स्त्रियांच्या कामाची नोंद आहे. त्या दोघी तेव्हा निघाल्या नसत्या, तर यातली कितीतरी नावं त्या बायांबरोबरच सरणावर गेली असती.

आपल्या विदर्भातलं उदाहरण पाहा. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. सुमारे पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या, बाबासाहेब स्वतः बोलले. त्या बायांनी ठराव केले. नवऱ्यापासून कायद्याने सुटका मिळण्याचा हक्क हवा, एका बायकोवर दुसरी करण्याला बंदी हवी, गिरण्यांत आणि बिडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांना रजा हवी, असे ते ठराव होते. स्वातंत्र्य मिळायच्या पाच वर्षं आधी! आपल्या आज्या-पणज्या इतकं स्पष्ट बोलत होत्या, हे आपल्याला कळतं कशावरून? त्या वेळच्या नागपूरच्या परिषदांचा अहवाल तेव्हाच छापला गेला आणि त्याच्या काही प्रती टिकल्या, यावरून. बचत गटाच्या बैठकीत आपण ठराव लिहितो, खाली सह्या-अंगठे घेतो. त्या बायांनीही तेच केलं होतं.

आणि आता आपला जिल्हा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला, त्याआधी आपण भंडारा जिल्ह्यातच होतो. मे १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि त्यात बाबासाहेब आंबेडकर उभे होते. होय, आपल्या भागातून. सुमारे आठ हजार मतांनी ते हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचं चिन्ह हत्ती होतं. त्या निवडणुकीचं एखादं हँडबिल, एखादी वर्गणीची पावती तिरोडा, गोरेगाव, आमगाव, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या भागातल्या कोणाच्या तरी पेटीत अजून असू शकते. तेव्हा दहा वर्षांची असलेली पोरगी आज ऐंशी ओलांडलेली आजी आहे. तिला सभा आठवते का, बायका मतदानाला कशा गेल्या हे आठवते का, हे विचारायला आपल्याकडे फार वर्षं उरलेली नाहीत.

जवळचा काळही विसरू नये. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजी गावात सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि दोन मुलं रोशन व सुधीर यांना जमावाने ठार केलं. सुरुवातीचे काही आठवडे मोठ्या वर्तमानपत्रांत त्याचं खरं स्वरूप फारसं आलंच नाही. कार्यकर्त्यांनी गावात जाऊन माहिती काढली, अहवाल लिहिले, पत्रकं वाटली, आणि मग विदर्भभर बायका रस्त्यावर आल्या. ती पत्रकं जुनी वाटत नाहीत म्हणून कोणी जपत नाही. आणखी तीस वर्षांनी आपल्या नातींनी विचारलं की तेव्हा तुम्ही काय केलं, तर दाखवायला काय असेल?

जपणाऱ्या माणसांच्या दोन गोष्टी सांगतो. आर्तुरो शॉम्बर्ग यांचा जन्म १८७४ साली प्वेर्तो रिको बेटावर झाला. शाळेत त्यांना सांगितलं गेलं की काळ्या लोकांना इतिहासच नाही. त्यांनी ते मनाला लावून घेतलं. न्यूयॉर्कला आल्यावर पोटासाठी बँकेत नोकरी करत त्यांनी जन्मभर पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं, पत्रकं गोळा केली. १९२६ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी त्यांचा संग्रह दहा हजार डॉलरला घेतला गेला. हार्लेममध्ये आज त्यांच्या नावाचं मोठं संशोधन केंद्र उभं आहे. दुसरी गोष्ट मेम क्लेटन यांची. लॉस एंजेलिसमधल्या या ग्रंथपाल बाईंनी स्वतःच्या कमाईतून कृष्णवर्णीयांची दुर्मिळ पुस्तकं, मासिकं, चित्रपट गोळा केले आणि घराच्या मागच्या गॅरेजमध्ये कित्येक वर्षं ठेवले. २००६ साली त्या वारल्या, तोवर तो देशातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक झाला होता. सुरुवात झाली होती गाडी ठेवायच्या खोलीतून.

आपल्याकडे नागपूरचे वसंत मून यांनी बाबासाहेबांचं विखुरलेलं लिखाण जमवून संपादित केलं, आणि १९७९ पासून राज्य शासनाने ते खंडांत छापायला सुरुवात केली. आज आपल्या मुली स्पर्धा परीक्षेसाठी ते खंड वाचतात. कोणी तरी जमवलं म्हणून वाचतात.

आता आपण काय करायचं? आम्ही गटांच्या बैठकांतून हे काम बोलायला सुरुवात केली, तेव्हा काही बहिणी म्हणाल्या, हा तर एका समाजाचा विषय, आपला गट सगळ्यांचा आहे. प्रश्न रास्त आहे. त्यावर आमचं म्हणणं असं. पेटी सगळ्यांची असू द्या. जयंतीचं पत्रक येऊ द्या, बिडी कामगारांच्या संपाचं येऊ द्या, कचारगडच्या जत्रेचं येऊ द्या, दारूबंदीच्या मोर्चाचं येऊ द्या, झाडीपट्टीच्या नाटकाचं येऊ द्या. पण दलित बाईचा कागद हा गावाचाच कागद आहे, हे मान्य करूनच पेटी उघडायची. तिच्यावर जे झालं ते गावात झालं होतं, आणि तिने केलेले ठराव आपल्या सगळ्यांच्या कामी आले.

कामाची रीत सोपी आहे. कोणाचा मूळ कागद मागून न्यायचा नाही. तिच्या घरीच, दिवसा उजेडात, मोबाईलवर पुढून-मागून नीट फोटो काढायचा. स्वखुशीने मूळ कागद दिला तर गटाच्या पासबुकासारखी पोच लिहून द्यायची. प्रत्येक कागदासोबत एक चिठ्ठी ठेवायची. त्यावर चार गोष्टी लिहायच्या: कागद कोणाच्या घरचा, कोणत्या सालचा, कोणत्या प्रसंगाचा, आणि त्यात कोणत्या बायांनी काय काम केलं. चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, ती छापलेली नसते. कागदावर काही लिहायचंच झालं तर मागच्या कोपऱ्यात हलक्या हाताने पेन्सिलीने. शाईचा पेन नको, शाई उतरते.

कागद जपताना चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांनी पिवळी होऊन कागद खाते. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा सुटत नाही. टाचण्या काढून टाका, त्या गंजतात. घड्या उलगडून कागद सपाट ठेवा, सुती कापडात गुंडाळा आणि पत्र्याच्या पेटीत घाला. पेटी जमिनीवर नको, चार विटांवर ठेवा आणि भिंतीपासून हातभर पुढे, म्हणजे उदई लागत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. आपल्याकडे पाऊस दणकून पडतो, तेव्हा पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा पेटी उघडून सावलीत हवा द्या. उन्हात मात्र वाळवू नका, अक्षरं उडतात.

आणखी दोन सूचना. ज्या कागदात कोणावर झालेल्या अत्याचाराचा उल्लेख आहे, तो त्या घरच्यांना विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपवर फिरवायचा नाही. आणि कोणी बाहेरचा माणूस येऊन जुने कागद विकत मागू लागला, तर एकटीने निर्णय घ्यायचा नाही. ग्रामसंघाच्या बैठकीत विषय ठेवायचा, फोटो आपल्याकडे राहील याची खात्री करायची. गरजेपोटी कोणी विकलं तर तिला बोल लावायचा नाही, पण गावाची नोंद गावात राहिली पाहिजे.

बायांनो, हिशेब ठेवणं आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. दर आठवड्याला किती जमा, किती कर्ज, कोण गैरहजर, हे आपण वर्षानुवर्षं वहीत उतरवतो आहोत. त्याच वहीच्या मागच्या पानापासून एक नवी यादी सुरू करा: आपल्या गावातले जुने कागद. येत्या बैठकीत प्रत्येकीने घरी विचारून यायचं, पेटीत काय आहे. ज्या गटांनी यादी केली, त्यांनी आम्हाला केंद्रावर कळवा. पुढच्या कार्यक्रमात त्या याद्या आपण वाचून दाखवू, त्या बायांच्या नावांसकट.

तोवर एवढंच करा. यंदा रद्दीवाला दारात आला की त्याला ओट्यावर बसवा, पाणी द्या, आणि गठ्ठा तराजूत टाकायच्या आधी एकदा स्वतःच्या हाताने चाळा.